वाडी रिकामी होण्याआधी

२५ ऑक्टोबर १९७५ पासून भारतात वेठबिगारी नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात नाही. त्या दिवशी वटहुकूम लागू झाला, १९७६ च्या फेब्रुवारीत त्याचा कायदा झाला आणि अंमल मागच्या तारखेपासूनच धरला गेला. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी या गोष्टीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. दर वर्षी त्याच सुमारास आमच्या गडबच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीतल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की एखाद्या पहाटे टेम्पो येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसे, शाळेत नाव असलेली पोरे असे सगळे त्यात चढते. मागे राहतात दाराला बांधलेल्या काटक्या आणि एखादा कुत्रा.

गडब हे पेणच्या दक्षिणेला, मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारजमीन, पूर्वेला डोंगर, जवळच डोलवीचा पोलादाचा कारखाना आणि पनवेल-रोहा लोहमार्गावरचे कासू स्थानक. इथून कोणीही कुठेही जाऊ शकतो, आणि त्यामुळे कोण कुठे गेले याची दखल कोणी घेत नाही. मी कोणत्या विद्यापीठात शिकून संशोधक झालो नाही. जुने गॅझेटियर, न्यायालयांचे निकाल, सरकारी परिपत्रके आणि वाड्यांवरची बोलणी एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची सवय लागली, एवढेच माझे शिक्षण. या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे: आपल्या भागात माणसांच्या व्यापाराला आळा घालायचा असेल, तर तो भट्टीवर नव्हे, वाडीवर आणि भाद्रपदात घालावा लागतो.

'मानवी तस्करी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कामाठीपुरा येतो, किंवा मुलीला फूस लावून रेल्वेत बसवणारा अनोळखी माणूस. तेही खरेच आहे. पण कायद्याची व्याख्या याहून बरीच रुंद आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली पालेर्मो येथे जो मसुदा सह्यांसाठी खुला केला आणि भारताने २०११ मध्ये ज्याला मान्यता दिली, त्यात तीन गोष्टी पाहायला सांगितले आहे. माणसाला गोळा केले किंवा हलवले का. त्यासाठी धाक, फसवणूक, लाचारीचा फायदा किंवा पैशाचे आमिष वापरले का. आणि हे शोषणासाठी केले का. २०१३ मध्ये आपल्या दंडसंहितेच्या कलम ३७० मध्ये याच धर्तीवर बदल झाला. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम १४३ म्हणून आले आहे. त्यात एक वाक्य फार मोलाचे आहे: बळी पडलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, याला महत्त्व नाही. 'तो स्वतःहून गेला, पैसे घेऊन गेला' हे उत्तर तिथे चालत नाही.

आमच्याकडे तर अनोळखी माणूस येतच नाही. येतो तो मुकादम, आणि तो बहुधा नात्यातला असतो. कुणाचा मेहुणा, कुणाचा चुलता. तो बसतो, चहा घेतो, पोरांची चौकशी करतो आणि पैसे देतो. या पैशांना उचल म्हणतात, कोणी बयाणा म्हणते. घेणारा म्हणतो, 'अंगावर घेतलेत.' शब्द किती नेमका आहे पाहा! कर्ज वहीवर घेतले जात नाही, अंगावर घेतले जाते, आणि अंगानेच फेडायचे असते.

ही उचल घेण्याची वेळ पाहिली की बरेच कळते. कातकरी कुटुंबाला जून-जुलैत लावणीची मजुरी मिळते. ओढ्यातले खेकडे, मासे, रानातली भाजी पेणच्या बाजारात विकून चार पैसे येतात. लावणी उरकली की कापणीपर्यंत हाताला काम नसते. याच दिवसांत घरातला दाणा संपतो, ताप-खोकला येतो आणि गणपती येतात. पेणच्या मूर्ती देशभर आणि परदेशात जातात, २०२३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच तालुक्यात त्याच सणाच्या खर्चापोटी सहा महिन्यांची मजुरी आधीच विकली जाते. लग्न किंवा आजारपण निघाले तर उचल वाढते. मुकादमाला हे पंचांग तोंडपाठ असते. तो आषाढात येत नाही, मार्गशीर्षातही येत नाही.

आता हिशेब. हा कोण्या एका कुटुंबाचा नाही. कसे चालते ते समजावे म्हणून आकडे मी मांडतो आहे. समजा, नवरा-बायकोने तीस हजार उचल घेतली. भट्टीवर दर आठवड्याला खाण्यापुरते पैसे मिळतात, त्याला खर्ची म्हणतात. ती बाराशे धरू. सव्वीस आठवड्यांची झाली ३१,२००. म्हणजे मालकाकडून एकूण आले ६१,२००. दोघांनी माती मळून, साच्यातून पाडून, हंगामात एक लाख विटा केल्या, दर हजारी सहाशे धरला, तर कमाई साठ हजार. पण अवकाळी पाऊस झाला, कच्ची वीट विरघळली, काही फुटली. दहा हजार विटा मोजणीतून गेल्या. मोजणी अर्थात मालकाची. राहिले चोपन्न हजार. ज्येष्ठात हिशेब होतो तेव्हा हातात पैसा नाहीच, उलट ७,२०० रुपये अंगावर फिरतात. पुढच्या भाद्रपदात वीस हजार घेतले की आकडा सत्तावीस हजारांवर जातो, आणि पुढच्या वर्षी भट्टी कोणती हे निवडण्याचा अधिकार संपतो. पोरांनी विटा उलथल्या, वाळवल्या, रचल्या, त्यांची मजुरी यात कुठेच नाही.

तेच चोपन्न हजार आठवड्याच्या सहा दिवसांप्रमाणे दोघांत वाटले, तर माणशी दिवसाला पावणेदोनशेही पडत नाहीत. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता. आता सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात काय म्हटले ते पाहा. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावे लागणे हीच घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय; माणसाला कामाला जुंपणारी सक्ती काठीचीच असते असे नाही, उपासमारीचीही असते. पुढच्याच वर्षी, १६ डिसेंबर १९८३ रोजी, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने आणखी एक पाऊल टाकले: मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असेल, तर ते उचलीच्या बदल्यातच घेतले जात आहे असे गृहीत धरावे. १९७६ च्या कायद्यात तर कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली आहे, आणि वेठबिगारीतले कर्ज फेडण्याचे बंधनच रद्द केले आहे.

उचल देणे हा स्वतःच गुन्हा नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. अनेक धंद्यांत आगाऊ पैसे दिले-घेतले जातात. भट्टीमालकांतही हंगामापुरते कर्ज काढून धंदा करणारे छोटे लोक आहेत, आणि उचल दिली नाही तर मजूर दुसरीकडे जातो ही त्यांची अडचण खोटी नाही. उचलीमुळे दुसरीकडे काम धरण्याचे, हवे तिथे जाण्या-येण्याचे स्वातंत्र्य किंवा रास्त मजुरी यांपैकी काही गेले, की मात्र कायद्याची रेषा ओलांडली जाते. बायको बाळंतपणाला वाडीवर जाऊ शकते का? नवऱ्याला तिच्यासोबत जाऊ देतात का? माझ्या मते एवढे दोन प्रश्न विचारले तरी रेषा कुठे आहे ते दिसते.

हे कातकऱ्यांच्याच वाट्याला इतके का आले, याचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल सरकारी झाले तसा तो धंदा गेला. मग ते ठेकेदारांसाठी लाकूड जाळून कोळसा पाडू लागले. मुंबईच्या चुली गॅसवर येईपर्यंत कोळशाला मागणी होती. पुढे मुंबई पसरली, नवी मुंबई उभी राहिली आणि तेच हात विटांकडे वळले. कोळसा संपला असेही नाही. रायगडमधली कातकरी कुटुंबे आजही घाटावर आणि पार कर्नाटकापर्यंत कोळशाच्या भट्ट्यांवर नेली जातात.

दरम्यान आजूबाजूला एक मोठी लढाई होऊन गेली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्धचा शेतकरी संप सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक झाला. आमच्या आगरी-कुणबी घरांना या लढ्याचा सार्थ अभिमान आहे. वेठ म्हणजे काय हे आमच्या आजोबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पण कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर होते त्यालाच जमीन मिळाली. बांधावरच्या कातकऱ्याचे नाव कुठेच नव्हते. पुष्कळ वाड्या तर ज्या जागेवर उभ्या आहेत ती जागाही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. खोताच्या वेठीतून सुटलेल्यांच्याच नातवंडांनी पुढे कातकऱ्याला उचल द्यावी, ही आमच्या भागाची जरा अवघड गोष्ट आहे आणि ती आमच्या सभा-समारंभांतून सहसा बोलली जात नाही.

उत्तरेकडे हेच 'लग्नगडी' या नावाने चालत असे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्या घरी राबत राहायचे. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे तो मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९८२ मध्ये वसई तालुक्यातल्या दहिसरचे वेठबिगार सोडवण्याच्या लढ्यातून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची श्रमजीवी संघटना उभी राहिली. इतके होऊनही सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली दहा वर्षांची एक कातकरी मुलगी मेंढ्या वळण्याच्या कामावरून मरणासन्न अवस्थेत परत आणून टाकली गेली आणि नाशिकच्या रुग्णालयात वारली. मग उघड झाले की किरकोळ रक्कम आणि एखादी मेंढी देऊन आसपासच्या वाड्यांतली आणखीही मुले अशीच नेली होती. तिथेही जबरदस्तीने कोणी नेले नव्हते. पोरांना दोन वेळ जेवायला मिळेल, असे आईबापांना सांगितले होते.

सुटका झाल्यावरचे सरकारी मार्ग आहेत. प्रांताधिकारी किंवा तहसीलदार चौकशी करून मुक्तीचा दाखला देतात. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशय अमानुष प्रकरणांत तीन लाखांची तरतूद आहे. तातडीची मदत आता तीस हजारांपर्यंत मिळते. मोठी रक्कम मात्र खटल्याच्या निकालाला बांधलेली आहे आणि आपल्याकडचे खटले कसे चालतात ते सांगायला नको. तोवर पुढचा भाद्रपद येतो.

म्हणून भाद्रपदाआधी काय करता येते ते पाहू. यातले सगळ्यात साधे आणि मला सगळ्यात आवडलेले उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. कर्जत तालुक्यात कशेळे येथील 'अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेने १९८० च्या दशकात आदिवासी वाड्यांवर धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात सावकाराकडून धान्य घ्यायचे आणि सुगीनंतर दीडपट परत करायचे किंवा अंगमेहनतीने फेडायचे, ही वाढीदिढीची जुनी रीत. धान्य बँकेत तेच धान्य वाडीच्या सामाईक कणगीतून घ्यायचे, कापणीनंतर थोड्या वाढीने परत टाकायचे, आणि ही वाढ सावकाराच्या घरात न जाता कणगीतच राहते. कोणाला किती द्यायचे हे वाडीने ठरवायचे, कारण कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे शेजारणीलाच ठाऊक असते. चार पायली तांदळासाठी सहा महिने गहाण पडणारा माणूस चार पायलीतच सुटतो. मला वाटते, माणसांच्या व्यापाराविरुद्धचे याहून स्वस्त हत्यार कोणी शोधलेले नाही. अर्थात धान्य बँक पोटापुरती पुरते. लग्नाला आणि दवाखान्याला पुरत नाही.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्जाची योजना १९७८ ची, हेतू नेमका हाच: पावसाळ्यातल्या उपासाला सावकाराकडे जावे लागू नये. पुढे ती बंद पडली. टाळेबंदीनंतर २०२० मध्ये एका वर्षापुरते खावटी अनुदान जाहीर झाले, कुटुंबामागे चार हजार, त्यातले निम्मे वस्तुरूपाने. पण वाटप लांबत २०२१ उजाडले. भुकेच्या महिन्यांसाठी काढलेली योजना महिने पाळू शकली नाही तर मुकादमाशी तिची स्पर्धा होऊच शकत नाही. तो तर त्याच दिवशी रोख देतो.

रोजगार हमीचेही तसेच. काम मागण्याचा नमुना ४ भरून पोच घेतली, तर पंधरा दिवसांत काम द्यावे लागते, नाहीतर बेकारभत्ता. पण भाद्रपदात काम निघत नाही, मजुरी उशिरा जमा होते, आणि पोच मागायची असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. जिथे वाडीवरचा एखादा शिकलेला मुलगा दहा जणांचे अर्ज भरून स्वतः पोच घेऊन येतो, तिथे काम निघते. मुद्दा योजनेचा कमी, त्या मुलाचा जास्त आहे.

कागदांचा प्रश्न तर मुळाशीच आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले केंद्राचे 'पीएम-जनमन' अभियान त्यांच्याचसाठी आहे, आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय पेणलाच आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा कोळशाच्या भट्टीवर आणि बाप विटांच्या भट्टीवर होता, आणि जो स्वतः भट्टीवरच जन्मला, त्याने तो कुठून आणायचा? जन्माची नोंद नाही म्हणून शाळेत अडचण, शाळेचा दाखला नाही म्हणून जातीचा नाही, तो नाही म्हणून घरकुल नाही, मग उचल. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला तेव्हा रायगडात सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन, सुरेखा दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दळी जमिनींचे दावे लावून धरले. दळी म्हणजे इंग्रजी अमलात कातकरी-ठाकरांना डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी दिलेले जंगलातले तुकडे. ज्याच्या नावावर असा तुकडा आहे तो भट्टीवर जातच नाही असे नाही, पण मुकादमाशी दरावर बोलतो.

मुलांच्या बाबतीत विधायक संसदेने भट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' काढल्या; भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव. पोर वाडीवर राहावे म्हणून सरकारी हंगामी वसतिगृहे आहेत, दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. कार्ड टेम्पो येण्याआधी भरले गेले तरच त्याचा उपयोग, हे शिक्षकाला वाडीवरूनच कळू शकते.

शेवटी वही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराला परवाना आणि नोंद बंधनकारक करत होता. पण पेणहून भिवंडी-कल्याणला गेलेले कुटुंब त्यात बसतच नव्हते, आणि परराज्यात नेणाराही कुणी नोंद करत नव्हता. आमच्या भागातल्या एका वाडीवर दोन तरुण आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या एक ताई अशी नोंद ठेवतात. साधी दोनशे पानी वही. कुटुंबातली माणसे, मुलांची इयत्ता, उचल किती, खर्ची किती ठरली, दर काय, मुकादमाचे नाव आणि मोबाइल, भट्टीचे ठिकाण, निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख. पहिल्या वर्षी उचलीचा आकडा कोणी सांगेना; मुकादम नात्यातला, त्याचे नाव कसे लिहून द्यायचे? तो रकाना रिकामाच ठेवला. दुसऱ्या वर्षी बायकांनी सांगायला सुरुवात केली, कारण हिशेबाला भांडण होते तेव्हा मालकाच्या वहीसमोर ठेवायला आपलीही वही असावी, हे त्यांनाच आधी पटले. मुकादमही आता जरा जपून बोलतो. भाच्याच्या नावापुढे आपला मोबाइल नंबर लिहिलेला पाहून त्याला काय वाटत असेल ते असो.

ही वही सरकारने ठेवावी असे मला वाटत नाही. तलाठ्याकडे गेली तर तिच्यात पुन्हा खोटे आकडे येतील. पण तिला कायद्यात बसायला जागा आहे. १९७६ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असायला हवी. तिच्यावर त्याच भागात राहणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या तीन व्यक्ती आणि दोन सामाजिक कार्यकर्ते नेमायचे असतात. रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे पेसा कायद्याने पालघरातल्या ग्रामसभांना मिळालेले अधिकार आमच्या वाड्यांना नाहीत. म्हणून या तीन खुर्च्यांचे मोल इथे जास्त. त्यांवर वही ठेवणारी माणसे बसावीत, मोर्चात पुढे दिसणारी नव्हेत. बैठक प्रांत कचेरीत मार्चअखेरीला न घेता गणपती विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात वाडीवर घ्यावी, आणि रेशन दुकानदार, ग्रामसेवक व शाळेच्या गुरुजींना त्या दिवशी तिथे बोलवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. तारीख ठरवायला एक पत्र पुरते, आणि ते पत्र त्या वाडीने या आश्विनात प्रांतांच्या कचेरीत देऊन त्याची पोच घेतली आहे.